जपानला जाऊन आलेली शारदा

“आणखी थोडा,” असं स्वतःशीच म्हणत तुळशीदासनं शारदेचा डावा डोळा पार गालावर उतरवला आणि मागं सरकून बघितलं. डोळा पुरीएवढा झाला होता. त्यात जांभळं बुबुळ, बुबुळात दोन पांढरे ठिपके. नाकाच्या जागी नुसतं टिंब. तोंड चिंचोक्याएवढं. कपाळावर जांभळी झुलपं.

“झालं गं बाई,” तो मुखवट्याला म्हणाला. “आता कॉलेजात नाव घालायला हरकत नाही.”

आणि एकटाच खी खी करून हसला.

एकटाच, कारण भगताच्या घराच्या त्या मागच्या खोलीत दुसरं कोणी येणारच नव्हतं. वडपाड्यात बोहाड्याची, म्हणजे मुखवटे चढवून नाचायच्या उत्सवाची, सोंगं रंगवायची ती दार लावून. गणपती, शारदा, रावण, वेताळ, नरसिंह, सगळ्यांचे लाकडी मुखवटे रंगवायचे आणि एकेकावर लाल फडकं टाकायचं. ते फडकं निघणार सोंग माणसाच्या तोंडावर चढल्यावर, संबळ घुमायला लागल्यावर, गावादेखत. शारदेचं तर आणखी कडक. जो शारदा नाचवतो त्यानं तिचं तोंड बघायचं नाही. भगत मागून येऊन मुखवटा बांधतो, मागूनच सोडतो. मान सोडला, आपले घुंगरू दुसऱ्याच्या पायात बांधले, की मगच त्याला दर्शन. आयुष्यात एकदा.

शारदेचा मान होता फागूचा. मिसरूड फुटल्यापासून तो शारदा नाचवत होता. आता मिशी पांढरी झाली तरी आपण कसे दिसतो हे त्यानं बघितलेलं नव्हतं.

म्हणून तर तुळशीदासला ही मस्करी इतकी आवडली. ज्या तोंडाची गंमत, ते ज्याच्या तोंडावर, त्यालाच पत्ता नाही!

खोडाळ्याच्या स्टँडवर तुळशीदासचं रंगकामाचं दुकान. जीपच्या नंबरप्लेटी, दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या कमानी. वय पन्नाशीला टेकलं तरी डोक्यातला आठवीतला पोरगा काही घरी गेला नव्हता. एका कंजूष जीपवाल्याच्या गाडीमागं त्यानं झोकदार अक्षरात लिहून दिलं होतं, ‘हात दाखवा, गाडी थांबवा, धक्का मारा’. मालकाला वाचता येत नव्हतं. तो महिनाभर मोखाडा-खोडाळा फेऱ्या मारत राहिला आणि लोक हसतात म्हणून स्वतःही हसत राहिला. एकदा ग्रामसेवकाच्या मोटरसायकलच्या सीटवर त्यानं अशी हुबेहूब पाल काढली की साहेब भर उन्हात चालत ऑफिसला गेले. गाव हसायचं. ज्याची मस्करी झाली तोही चार दिवसांनी हसायचा. चार दिवसांनी सगळेच हसतात, हा तुळशीदासचा आयुष्याचा हिशेब होता, आणि तो आजवर चुकला नव्हता.

हे जांभळ्या डोळ्यांचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं रोहिणीनं. ही त्याची मुलगी. जव्हारला कॉलेजात, हॉस्टेलवर राहायची. होळीला घरी आली तेव्हा ओटीवर बसून मोबाइलवर जपानी कार्टून बघत होती. तुळशीदासनं मान लांब करून डोकावलं.

“ही कोण? झाडूवाली?”

“देवी आहे ती, बाबा.”

“देवी झाडू मारते?”

“माणसांत राहायला आलीय. तिकडे देवळात अशा मुली असतात. पांढरा सदरा, लाल घागरा. अंगण झाडतात, प्रसाद देतात, देवापुढे नाचतात. ही तशीच मुलगी होऊन स्वतःच्याच देवळात कामाला लागलीय. लोक आत हात जोडतायत आणि ही मागं पानं गोळा करतेय.”

“बिनपगारी?”

“ऐका तर. तिच्या हातात काय आहे बघा. वीणा. ती आपली सरस्वती आहे.”

“गप. आपल्या सरस्वतीचे डोळे काय रिक्षाच्या लाइटीएवढे आहेत?”

रोहिणी हसली, पण तिला सांगायचंच होतं. त्यांचा जुना धर्म म्हणजे शिंतो. डोंगराचा देव, नदीचा देव, मोठ्या झाडाचा देव. आपला हिरवा देव, वाघदेव, तसेच. मग तिथं बुद्धाचा धर्म पोचला आणि त्याच्यासोबत आपली सरस्वती गेली. तिथल्या लोकांनी भांडण केलं नाही. तिला पाण्याजवळ, त्यांच्या पाण्याच्या देवीशेजारी जागा दिली. होता होता दोघी एकच झाल्या, कोण कुठली ते कोणाला आठवेना. एकाच आवारात देऊळ आणि विहार. पुढे सरकारनं हुकूम काढून दोन्ही वेगळे केले, तरी पुष्कळ घरांत अजून दोन्ही देव्हारे असतात.

“म्हणजे आपला बोहाडाच की,” तुळशीदास म्हणाला. “रावण जातो त्याच वाटेनं गणपती जातो. कोणी विचारत नाही, तू कुठला.”

“तेच तर, बाबा!” रोहिणी एकदम खूश झाली. बाबांना एवढ्या झटक्यात कळेल असं तिला वाटलं नव्हतं.

कळलं होतं. पण कळून त्याचं काय करायचं हे त्या आठवीतल्या पोरानं ठरवलं.

बोहाड्याच्या पहिल्या दिवशी दिवेलागणीला गणपती नाचून गेला आणि शारदेचा संबळ सुरू झाला. आळीच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटली होती. वर्षाचे आठ महिने फागू भिवंडीकडं वीटभट्टीवर असायचा. गावात असला की कोणाच्या तरी शेतावर. त्याला जमीन नव्हती, कधीच नव्हती, आणि लहान पोरंसुद्धा त्याला ‘ए फाग्या’ म्हणायची. पण या संध्याकाळी त्याला सगळे ‘आई’ म्हणत. देवळाच्या पायरीशी तो उजवा पाय जरा पुढं करून उभा राहायचा आणि गुरुजी, सरपंच, ज्यांच्या बांधावर तो राबायचा ते शेतकरी, सगळे वाकून त्या पायावर डोकं ठेवायचे. सगळ्यात आधी आरतीचं ताट घेऊन धोंडीबाई. पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई.

देवजी भगतानं मागून फडकं ओढलं.

मग कोणीतरी पोरगी ओरडली, “अय्या, कार्टून!” आणि आळी फुटली. हशा, शिट्ट्या, मोबाइल वर. “काय क्यूट आहे!” “इकडं बघ ना, आई, इकडं!” तुळशीदास विजेच्या खांबाला धरून इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. जीपवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. “तूच ना रे? तूच!”

फागू नाचत नाचत पायरीशी आला. उजवा पाय पुढं करून उभा राहिला.

लोक आले. पण आले ते शारदेकडं पाठ करून उभे राहिले. हात लांब करून मोबाइल वर धरायचा, शारदेचं तोंड आपल्या तोंडाशेजारी आणायचं, फोटो काढायचा, बाजूला. मग दुसरा. तिसरा. धोंडीबाई ताट घेऊन जवळ यायला बघत होती, पण रेटारेटीत तिचं निरांजन विझलं आणि ती कडेलाच थांबली. फागूनं पाय आणखी थोडा पुढं केला. कोणी वाकलं नाही. त्यानं आणखी थोडा पुढं केला.

तुळशीदासनं धरलेला खांब सोडला.

घरी येऊन हात धुतोय तोवर रोहिणीचा फोन.

“बाबा, तुम्ही केलंत?”

“पोचलं पण जव्हारला? कसे जमलेत डोळे?”

“फागूबाबांना सांगितलं होतं?”

“त्याला कसं सांगणार? त्यानं बघायचं नसतं ना!”

रोहिणी मग म्हणाली, “त्या गोष्टीत लोक देवीला ओळखत नाहीत, बाबा. पण तिला हसत नाहीत.”

“अगं, चार दिवसांनी सगळे—”

तिनं फोन ठेवला होता.

सकाळी तुळशीदास काही काम नसताना देवजीच्या अंगणात गेला. फागू जमिनीवर बसला होता. पुढ्यात घुंगरू. शेजारी त्याचा पुतण्या उमेश मान खाली घालून.

“ये तुळशा,” देवजी म्हणाला. “फागू मान सोडतंय.”

“का?”

“आईनं सांगितलं,” फागू म्हणाला.

“काय सांगितलं?”

“काल लोकांनी पाठ केली मना. एक जण नाय वाकला. मी पाय पुढं करून उभा, आन् भोकांतून नुसत्या पाठी दिसत. नाचताना हसत पण होते. माझा गुडघा गेलाय भट्टीवर, पाय चुकत असतील. आई कधी तोंडानं नाय सांगत. माणसांकडून सांगते.”

“दादा, ते फोटू काढत होते.”

“आईसंग? पाठ करून?” फागू जरासं हसला. “मना बरं वाटावं म्हणून बोलतंस तू. तुझा सोभावच तसा हसरा.”

उमेश म्हणाला, “काका, अजून एक साल नाचा ना. मना पावलं पण धड येत नाय.”

“येतील. मना पण येत नव्हती.”

देवजीनं ठरवून टाकलं. दुपारी उमेशच्या पायात घुंगरू, लगेच फागूला दर्शन. घुंगरू एकदा दुसऱ्याच्या पायात बांधले की परत घेता येत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

दर्शन. रंगवताना तुळशीदासनं सगळ्याचा विचार केला होता, हशाचा, शिट्ट्यांचा, जीपवाल्याच्या तोंडाचा. फागूला ते तोंड एक दिवस बघायचंय, आणि एकदाच बघायचंय, हे डोक्यातच आलं नव्हतं.

फागू अंघोळीला ओहोळावर गेला तसं तुळशीदासनं देवजीला गोठ्याच्या मागं ओढलं.

“मला अर्धा तास दे. जुनं तोंड काढून देतो.”

“माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय,” देवजी म्हणाला, “पण एवढा नाय. काल लोक हसले तवाच पुढं येऊन बघितलं मी काय केलंस ते. आथा आई बसली तोंडात. बोहाडा उठेपर्यंत ब्रश लागायचा नाय. तिच्या डोळ्यात बोट घालतंस काय?”

“मग दर्शन पुढं ढकल.”

“मान सोडला त्याच दिवशी दर्शन. त्यापेक्षा जा, सांग त्याला. घुंगरू बांधायच्या आधी सांग. मान तरी ऱ्हाईल.” आणि मग जरा थांबून, “का मी सांगू?”

“नको. मी सांगतो.”

ओहोळाच्या काठी फागूनं जांभळीच्या फांदीला आरशाचा तुकडा अडकवला होता आणि दाढी करत होता. धुतलेला सदरा दगडावर वाळत होता. तुळशीदासला बघून त्याला आनंदच झाला.

“बेस केलंस आलंस. पाठीमागं बघ रं, मानंवर काय ऱ्हायलं का. नीट होऊन जायला पाहिजे.”

“दादा, जरा बोलायचं होतं.”

“बोल की.” फागूनं वस्तरा पाण्यात खळखळवला. “माझी घरवाली, गोदी, असती तर आज ती पण आली असती. मना तोंड बघायचं नाय, पण तिला काय बंदी नव्हती. घरी आल्यावर सांगायची मना. आज आई अशी होती, आज तशी होती. डोळे अर्धे मिटलेले म्हणायची. पोराला पाजताना बाईचे होतात बघ, तसे.” तो आरशात बघत बोलत होता. “तू काढतंस ना? तुला ठावं असंल.”

तुळशीदास इतकी वर्षं तसेच काढत आला होता. त्याचा बाप काढायचा म्हणून. ते कशासारखे दिसतात हे त्याला आज कळलं.

“काय बोलायचं होतं?”

सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. तुळशीदासनं तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून बाहेर आलं, “तुझ्या कानाला साबण लागलाय.”

फागूनं कान पुसला. “गेला?”

“गेला.”

दुपारी देवजीच्या अंगणात मोजकीच माणसं होती. धोंडीबाई भिंतीला टेकून बसली होती. देवजीनं तुळशीदासकडं बघितलं. तुळशीदास आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. जीभ आता हलली असती तरी चाललं असतं. फागूनं उमेशचा पाय मांडीवर घेतला, घुंगरांची पट्टी गुंडाळली, गाठ मारली, ओढून बघितली. मग दुसरा पाय. तेवढा वेळ होता. तोही गेला.

देवजीनं मुखवटा आणून फागूच्या हातात दिला. फागूनं तो आधी कपाळाला लावला. मग फडकं उचललं.

तो बघत राहिला. डोळे बघितले, झुलपं बघितली, चिंचोक्याएवढं तोंड बघितलं. आणखी कुठं काही असेल म्हणून मुखवटा उजेडाकडं फिरवला.

“ही कोण रं?”

आणि तुळशीदासच्या लक्षात आलं की आपल्याकडं उत्तर आहे. खोटंही नाही.

“शारदाच आहे, दादा. समुद्रापार गेलेली, जपानात. बुद्धाची माणसं घेऊन गेली तिला. तिथल्या डोंगरा-नदीच्या देवांनी तिला जागा दिली. तिथं तिचं रूप असं झालं. रोहिणी शिकलीय हे. आता पोरीचं सोंग घेऊन आपल्याच देवळात झाडू मारते म्हणे.”

फागू खरंच ऐकत होता. “झाडू मारते?”

“हो.”

“म्हंजे मजुरीच करते.”

“तसंच काहीसं.”

“आन् लोक? पाया पडत्यात तिथं?”

“पडतात. आधी दोन टाळ्या वाजवतात, मग वाकतात.”

“पाठ नाय करत?”

उमेशनं मान डोलवायला सुरुवात केली होती. देवजीच्या कपाळावरची आठीसुद्धा सैल झाली होती. नुसतं ‘नाय’ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. चांगलं निभावलं असतं. चार दिवसांनी फागूनं लोकांना कौतुकानं सांगितलं असतं, आपली आई जपानला जाऊन आली.

“दादा, मी मस्करी केली,” तुळशीदास म्हणाला. “मोबाइलवरचं चित्र बघून काढलं. लोक त्याला हसले. तुला नाय हसले. पाठ केली ती फोटूसाठी, तुझ्या पायाचं काही नव्हतं त्यात. सकाळी ओहोळावर हेच सांगायला आलो होतो.”

धोंडीबाई भिंतीपाशी काहीतरी पुटपुटली. उमेश खाली वाकला आणि घाईघाईनं घुंगरांची गाठ सोडायला लागला.

“अंहं,” देवजी म्हणाला.

उमेशचे हात थांबले.

फागूनं विचारलं, “म्हंजे पाय बरोबर पडत होते माझे?”

तुळशीदासनं तोंड उघडलं. त्याला कालची आळी आठवली, उजेड, शिट्ट्या, ते जांभळे डोळे. पाय आठवेनात.

“मी बघितलंच नाही, दादा. मी तोंडाकडंच बघत होतो.”

“हां,” फागू म्हणाला. “खरंय. तोंडाकडंच बघतेत सगळे.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तुळशीदास शिवी खायला तयार होऊन बसला होता. धोंडीबाईनं एखादी घातली असती तरी चाललं असतं. पण अंगणात फक्त उमेशचे घुंगरू वाजत होते, तो पाय बदलत होता म्हणून.

फागूनं मुखवटा मांडीवर पालथा घातला. जांभळे डोळे त्याच्या धोतराकडं गेले आणि आतली पोकळ बाजू वर आली. तुळशीदासनं ही बाजू कधी नीट बघितली नव्हती. रंग लागायचा तो बाहेर. आतलं लाकूड घामानं काळं झालं होतं. कपाळ टेकतं तिथं घासून घासून पाटासारखं गुळगुळीत. गालाच्या जागी, टोचू नये म्हणून, लुगड्याच्या चिंधीची गादी शिवून बसवलेली, गोदी नेसायची तसल्या हिरव्या काठाची, बारीक टाक्यांची.

फागूनं त्या चिंधीवरून अंगठा फिरवला. मग हात जोडले. बराच वेळ जोडलेले होते. नंतर वाकून त्यानं त्या पोकळीत कपाळ टेकवलं, आणि ते बरोबर बसलं.

“ही बेस हाय,” तो म्हणाला.

मुखवटा त्यानं तसाच, पालथा, फडक्यात गुंडाळला आणि तुळशीदासकडं दिला.

“बोहाडा उठला की बाहेर काय रंगवायचं ते रंगव. आत हात लावू नको.”